चार माणसांची ओल

कपाटातला कोट बाहेर काढला तर त्याला हिरवट दाढी आलेली. हॅलोकाकांनी तो झटकला, दोनदा शिंकले आणि कपाट सरकवून मागची भिंत पाहिली. तिथे काळ्या ठिपक्यांनी छतापर्यंत मजल मारली होती. आता हे मालकीणबाईंना सांगणं आलं, आणि मालकीणबाईंना काही सांगायचं म्हटलं की काका आधी शब्द जुळवत येरझाऱ्या घालायचे.

हॅलोकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांना मात्र कोणी फोन करीना. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्या भाड्याच्या जागेत त्यांचा सगळा संसार. मालकीणबाईंची अट एकच होती, एकट्याने राहायचं. ती पाळताना काकांना कधी काही त्रास पडला नव्हता.

खालच्या मजल्यावरून मालकीणबाई वर आल्या त्या ओल तपासणाऱ्या माणसाला घेऊनच. त्याने भिंतीला यंत्र लावलं, बोटांनी ठोकून पाहिलं, कपाटात डोकं घालून हुंगलं आणि निकाल दिला.

"गळती नाही. पाइप ठणठणीत आहेत. ही ओल माणसांची आहे. श्वास, आंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ होते आणि गार भिंतीवर जाऊन बसते. एवढी ओल म्हणजे इथे चार माणसं तरी राहत असणार."

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "हॅलोकाका, बाकीचे तिघं कुठायत?"

काकांनी नकळत मागे वळून पाहिलं. आपल्याला ठाऊक नसलेलं कोणी खरंच निघालं तर बरंच, असंही क्षणभर त्यांना वाटून गेलं.

"बाई, मी एकटाच आहे हो."

"यंत्र खोटं बोलत नाही," असं म्हणून ओलवाल्याने यंत्र पेटीत घातलं आणि तो पुढच्या कामाला गेला. आपण मागे काय पेटवून चाललोय याची त्या गृहस्थाला गंधवार्ता नव्हती.

बाईंनी लगेच समोरच्या बिऱ्हाडातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना साक्षीला बोलावलं.

"आता विचारताय म्हणून सांगते," ताई म्हणाल्या. "माणसं कधी दिसली नाहीत, पण आवाज येतात. एक जण विचारतो, चहा टाकू का? दुसरा म्हणतो, अर्धा कपच टाक."

काकांची मान खाली गेली. "ते दोघंही मीच."

"आणि परवा भांडण चाललं होतं ते?"

"तेही माझंच. मी हरलो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर काकांना जरा सोपं गेलं असतं.

"महिनाभर बघते," बाई म्हणाल्या. "चौघं सापडली तर जागा खाली करायची." काका हबकले. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठे? आणि एकटेपणाचा पुरावा तरी काय द्यायचा? आपल्याकडे कोणी येत नाही हे सांगायलासुद्धा कोणीतरी येणारं लागतं.

बाई दुसऱ्याच दिवशी न सांगता येऊन थडकल्या. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं. "कपाट असं भिंतीला चिकटवून काय ठेवता? वारा कुठून लागणार?" मग बाहेर कोणी लपलंय का पाहायला त्यांनी खिडकी उघडली, ती उघडीच राहिली. दोरीवरच्या ओल्या शर्टांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे कोणाकोणाचे?"

"माझेच. मापं बघा, सगळी सारखी आहेत."

मापं पाहून झाल्यावर बाईंनी शर्ट बाहेर वाळत घालायला लावले आणि स्वयंपाकघरात शिरल्या. गॅसवर किटली खदखदत होती.

"एवढा चहा कोणासाठी?"

"चहा नाही, नुसतं पाणी आहे. दिवसभर उकळत ठेवतो. आवाज येत राहतो. आत कोणीतरी आहेसं वाटतं."

बाईंनी गॅस बंद केला. "बसून बघते आता, कोणी येतंय का ते."

कोणी आलं नाही. दोघांनी चहा घेतला. पुढे बाई रोज दुपारी येऊन दाराकडे तोंड करून बसू लागल्या, चोर पकडायचा म्हणून. बसल्या बसल्या गुडघ्यांची तक्रार व्हायची, फोन करतो म्हणून न करणाऱ्या मुलाची व्हायची. काका तपासणीच्या आधी दाढी करू लागले. स्वतःशी भांडायला त्यांना सवड मिळेना.

महिना सरला, ओलवाला आला. काकांनी ठिपके पुसून काढलेली भिंत खडखडीत कोरडी होती. "फार तर दीड माणूस," तो यंत्राकडे पाहत म्हणाला. बाईंनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "आता मला यायचं कारण नाही."

"नाही ना," काका म्हणाले.

जागा वाचली होती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना तिच्यात करमेना. एक कप काढला, दुसरा उगीच धुऊन ठेवला. शेवटी त्यांनी खिडकी लावून घेतली, कपाट ढकलून भिंतीला चिकटवलं, ओले शर्ट आत आणून टांगले आणि किटली गॅसवर चढवली. मग भिंतीसमोर खुर्ची घेऊन एखादा ठिपका दिसतोय का बघत बसले. भिंतीला काही घाई नव्हती.

दारावर थाप पडली. जिना चढून धापा टाकत मालकीणबाई उभ्या होत्या.

"खालपर्यंत वास येतोय बुरशीचा," त्या म्हणाल्या. "चार माणसं असणार, नक्की."

काकांनी मागे भिंतीकडे पाहिलं. ती स्वच्छ, कोरडी होती.

"पाचसुद्धा असतील," त्यांनी खुर्ची दाराकडे वळवत म्हटलं. "नीट बसून बघायला लागेल."