जाधवकाकांचं वाफेचं शहर

आमच्या मजल्यावरचे भिकाजी जाधव घरी आलेल्या माणसाला "या, बसा" म्हणत नाहीत. "श्वास हळू" म्हणतात. मग पाणी देतात, तेही दाराशीच. आत खोलीभर पसरलेल्या टेबलावर एक अख्खं शहर उभं असतं. डब्यांच्या पत्र्याचं, घड्याळांच्या चाकांचं, स्टोव्हच्या भागांचं. त्याच्या धुराड्यांतून कापसाचा धूर निघतो आणि कुणी शिंकलं की तो धूर टेबलाखाली सापडतो.

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली ती केवढी, हे मी वेगळं सांगायला नको. टेबलाला जागा पाहिजे म्हणून काका टेबलाखाली झोपायचे. माझी आई त्यांना म्हणाली होती, "भाऊ, शहर खाली ठेवा आणि तुम्ही वर झोपा." काका गंभीरपणे म्हणाले, "शहराला सर्दी होते."

काका बॉयलर अटेंडंट. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका इस्पितळाच्या लाँड्रीत. सगळं आयुष्य वाफेजवळ गेलं. बायको, सुलोचनाकाकू, निवृत्तीच्या आधीच वारल्या. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर पुतण्याने एक स्मार्टफोन दिला, आणि त्यावर काकांनी कुठल्यातरी देशातल्या माणसाला मातीचा बेडूक चालवताना पाहिलं. बेडूक थोडा हलवायचा, फोटो काढायचा, परत थोडा हलवायचा, परत फोटो. सेकंदाला बारा फोटो. काका रात्रभर झोपले नाहीत म्हणे. सकाळी आमच्याकडे येऊन म्हणाले, "माधवी, मी पिक्चर काढतोय."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे चाळीतल्या सगळ्या शंका माझ्याकडे येतात. मी विचारलं, "कसला पिक्चर?"

"काळोखाचा."

पुढे पुतण्याने त्यांना सांगितलं की असल्या, वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कल्पनेतल्या जगाला स्टीमपंक म्हणतात. काकांनी ते दोनदा म्हणून बघितलं. "पंकबिंक आपल्याला माहीत नाय," ते म्हणाले, "स्टीम माहीत आहे."

त्या दिवसापासून कुणाची वस्तू बिघडली की काकांचा चेहरा खुलायचा. मिक्सर जळला, की हे दारात. "गेला ना? पूर्ण गेला ना?" समोरच्या तांबेंचं जुनं गजराचं घड्याळ आठवडाभर आजारी होतं, तर काका रोज तब्येत विचारून जायचे. शेवटी घड्याळ बंद पडलं आणि काकांनी तांबेंना मनापासून थँक्यू म्हटलं.

संध्याकाळी नळावर भेटले की आम्ही विचारायचो, "काका, आज किती?"

"साडेतीन सेकंद."

हे उत्तर ते असं द्यायचे, जणू साडेतीन एकर नांगरून आलेत. एकदा "सहा सेकंद" म्हणाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यातले पाच उडवावे लागले, कारण शहरावर एक पाल येऊन बसली होती आणि फोटोत ती डोंगराएवढी दिसत होती.

पिक्चरची गोष्ट काकांनी मला एकदा नीट सांगितली. एक शहर आहे, तिथे सूर्य बंद पडलाय. मधोमध एक अवाढव्य बॉयलर आहे, तो दिवसरात्र सगळं खातो. माणसांच्या पाठीत चाव्या आहेत. सकाळी सगळे रांगेत उभे राहतात आणि इन्स्पेक्टर प्रत्येकाला दिवसापुरती चावी देतो. आकाशात कात्र्यांचे पक्षी उडतात. त्या रांगेत एक पत्र्याची बाई आहे, तिच्या पाठीत चावीच नाही. तरी ती चालते. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून रोज रांगेत उभी राहते. मला ऐकतानाच कसंतरी झालं. काका मात्र खुशीत कात्र्यांना पंख लावत होते.

या इन्स्पेक्टरवरून आमच्या घरात महाभारत झालं. आईने एका गुरुवारी कुकर लावला, तर शिट्टी गायब. चांगली, चालू शिट्टी. शोधाशोध झाली आणि ती काकांच्या टेबलावर, इन्स्पेक्टरच्या धडावर, डोकं म्हणून सापडली. मीच बावळटासारखी त्यांना "लागेल ते घ्या" म्हणाले होते.

आई कमरेला पदर खोचून गेली. "भाऊ, शिट्टी द्या."

"वहिनी, सीन चालू आहे. तो मेल्याशिवाय देता येणार नाही."

"आणि मरणार कधी?"

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "मंगळवारी."

पाच दिवस आमच्याकडे भात पातेल्यात शिजला. आई मूळची मालवणची. ती रोज सकाळी गॅलरीतून आवाज द्यायची, "मेलो काय ओ तुमचो इन्स्पेक्टर?" आतून उत्तर यायचं, "अजून धुगधुगी आहे." एकदा खालच्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी हे ऐकलं आणि ते जिन्यातूनच परत फिरले. त्यांना वाटलं, वर कुणी पोलीसवाला अखेरच्या घटका मोजतोय. मंगळवारी संध्याकाळी काका स्वतः शिट्टी घेऊन आले. धुऊन, पुसून, काळा रंग खरवडून. "गेला," म्हणाले. आईने हात जोडले आणि कुकर लावला.

मग पुनर्विकासात आमच्या इमारतीचा नंबर लागला. खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली. तसे आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याचीच वाट बघत होतो, पण काकांच्या पिक्चरचा शेवट बाकी होता. पत्र्याची बाई बॉयलरवर चढते, झडप उघडते आणि सूर्य सुरू होतो. म्हणजे पाऊण मिनिट. म्हणजे, साडेतीन सेकंदांच्या हिशेबाने, तेरा दिवस. आणि टेबल हलवायचं म्हणजे शहर मोडायचं.

"राहू दे," काका म्हणाले. "अर्धा तर अर्धा. कोण बघणार आहे?"

इतकी वर्षं त्यांच्या तोंडून मी "राहू दे" ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं. ती देव्हाऱ्याजवळची वातींच्या कापसाची पिशवी घेऊन गेली आणि दाराशी बसून धूर पिंजायला लागली.

त्यानंतरचे दिवस आमच्या मजल्याने जे केलं, ते चाळीच्या इतिहासात झालं नसेल. कुणी धावलं नाही. मसाला कुटायचा तर बायका खाली अंगणात गेल्या. कपाटं उतरवायची तर तांबे आधी विचारायचे, "काका, फोटो चाललाय का?" मी शाळेतून आल्यावर सूर्य वर ओढायला बसायचे. सूर्य म्हणजे स्टोव्हचा पितळी बर्नर, दोऱ्याला टांगलेला. एका फोटोला तांदळाच्या दाण्याएवढा वर. एकदा मी दोन दाणे ओढला, तर काका म्हणाले, "टीचर, तुझी शाळा सुटलीय, सूर्याची नाय." बाराव्या दिवशी दुपारी शेवटचा फोटो निघाला. काकांनी फोन बंद केला आणि पहिल्यांदा सगळ्यांना आत बसवून चहा दिला.

रविवारी सकाळी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये पडदे लावून पिक्चर दाखवला. अकरा मिनिटांचा. हॉल गच्च भरलेला. इतका काळाकुट्ट, इतका भयाण पिक्चर, आणि लोक जत्रेत आल्यासारखे खूश. बॉयलरने जबडा उघडला तर मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा गिझर आहे तो." पत्र्याच्या एका न्यायाधीशाच्या पोटात गजराचं घड्याळ दिसलं तेव्हा तांबे उभेच राहिले. इन्स्पेक्टर वाफ सोडत कोसळला, तशी आईने बाजूच्या बाईला अभिमानाने सांगितलं, "माझी शिट्टी."

शेवटी त्या पत्र्याच्या बाईने झडप धरून वर बघितलं. सूर्य दाण्यादाण्याने वर आला आणि शहराचा सगळा पत्रा एकदम पिवळा झाला. मग ज्या टाळ्या पडल्या, त्या थांबेनात.

काका दाराशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "भीती वाटली का?" मजा आली, असं सगळे म्हणत होते. काकांना ते फारसं पटत नव्हतं. शेवटी तांबेंची सून म्हणाली, "मला वाटली. कात्र्यांची." तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

दादरला छोट्या पिक्चरांचा एक महोत्सव होतो, तिथे पाठवायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. खोक्यावर लॅपटॉप ठेवून मी फॉर्म भरायला बसले, काका शेजारच्या खोक्यावर.

"दिग्दर्शकाचं नाव," मी वाचलं आणि टाईप करायला लागले.

"सुलोचना भिकाजी जाधव," काका म्हणाले.

मी थांबले. "काका, पिक्चर तुम्ही काढलाय."

"तिला असले पिक्चर आवडायचे. टीव्हीवर भीतीचा लागला की डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघायची. थिएटरात ने म्हणायची. मी म्हणायचो, बॉयलर कुणावर सोडून येऊ? कधी नेली नाय." काकांनी खोक्याची चिकटपट्टी नखाने दाबून बसवली. "तिथे मोठ्या पडद्यावर नाव येतं ना?"

"येतं."

"मग तिचं येऊ दे."

मी सुलोचनाकाकूंचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, दिग्दर्शकाचा परिचय, पन्नास शब्दांत. काका सांगत गेले. जन्म चिपळूणजवळच्या गावात. शिक्षण पाचवी. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना घड्या घालायची, चारही टोकं एकावर एक. गाणं म्हणताना मधल्या ओळी विसरायची आणि त्या जागी स्वतःच्या घालायची. चहात आलं जास्त. रागावली की भांडी घासायची, घासलेलीच परत. मी लिहीत गेले. मोजले तर दोनशे बारा शब्द झाले होते आणि फॉर्म काही ते घेईना.

"काका, बरंच काढावं लागेल," मी म्हटलं. "आलं काढू का?"

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"आलं राहू दे," ते म्हणाले. "चिपळूण काढ."