कुलूपकाकांचं इंग्रजी कौतुक

"निरोपाचं भाषण तुम्हीच करायचं," मॅनेजरसाहेबांनी मदतनीस बाईंना सांगितलं. "आणि इंग्रजीत. मोठे साहेब येणार आहेत."

छत्र्यांच्या कारखान्याच्या भांडारखोलीत बाई सुया निवडत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली डबी निसटली आणि सुया जमिनीभर झाल्या.

"साहेब, मला इंग्रजी कुठं येतं?"

"काकांच्या हाताखाली एवढी वर्षं तुम्हीच काढलीत. दुसरं कोण बोलणार?"

काका म्हणजे भांडारप्रमुख. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात सुतळीला बांधलेली असे आणि डबा खाताना ती भाजीत बुडे. नवी पेन्सिल हवी असेल, तर जुनीचा तुकडा आणून दाखवायचा. तुकडा चिमटीत धरता आला की काका म्हणत, "अजून जीव आहे हिच्यात." शिवणखात्यातल्या बायकांची सुई मोडली तर दोन्ही तुकडे आणावे लागत. एखादा यंत्रात हरवला, तर तो सापडेपर्यंत शिवणारीनं हात चोळत बसायचं. आणि फाटकावरचा वॉचमन, छत्र्यांच्याच कारखान्याचा वॉचमन, भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन उभा राहायचा. त्यानं छत्री मागितली तेव्हा काकांनी एवढंच विचारलं होतं, "जुनी कुठाय?"

असे काका महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि किल्ली बाईंकडे यायची होती. त्या किल्लीची वाट बघता बघता बाईंचे केस पिकले होते. हाती आली की पहिलं काम काय करायचं तेही ठरलं होतं. वॉचमनला छत्री द्यायची.

भाषणाची वाक्यं टायपिस्टनं काढून दिली आणि देवनागरीत टाइप करून दिली. ही इज व्हेरी काइंड. ही हॅज अ बिग हार्ट. ही गिव्ज विथ बोथ हॅन्ड्स. ही नेव्हर सेज नो.

बाईंनी अर्थ विचारला. तो ऐकून त्यांनी कानाला हात लावले.

"दोन्ही हातांनी देतात? कुणाला नाही म्हणत नाहीत? अहो, जीभ झडेल माझी!"

"मराठीत झडेल," टायपिस्ट म्हणाला. "इंग्रजीत काही होत नाही. गोळीसारखं असतं ते बाई. चव बघायची नाही, गिळून टाकायचं."

बाईंनी घरी खात्री करून घेतली. "आमचे काका फार उदार आहेत," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, तर नवऱ्याला चहाचा ठसका लागला. मग तेच इंग्रजीत म्हणून पाहिलं. नवरा म्हणाला, "छान वाटतंय गं ऐकायला. कोण एवढा देवमाणूस?"

मोठे साहेब महिनाअखेरीच्या आठवडाभर आधीच आले, म्हणून निरोपाचा कार्यक्रमही तेव्हाच उरकायचा ठरला. बाई उभ्या राहिल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. मराठीत ज्या माणसाविषयी एक शब्द फुटत नव्हता, त्याच्याविषयी इंग्रजीत नुसती धार लागली होती. शिवणखात्यानं कडाडून टाळ्या वाजवल्या, कारण तिथं कुणालाच काही कळलं नव्हतं. मोठ्या साहेबांना मात्र सगळं कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काही बोलले. मॅनेजरसाहेबांनी ते मराठीत सांगितलं.

"साहेब म्हणतात, एवढ्या दयाळू माणसाला घरी का पाठवता? काकांची इच्छा असेल तर त्यांना आणखी दोन वर्षं राहू द्या."

पुन्हा सुरू झालेल्या टाळ्या मध्येच थांबल्या. काका उठले, किल्ली चाचपली आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला मी," बाई टायपिस्टवर उखडल्या. "आणि धोंडा तुम्ही आणून दिलात!"

"तुम्ही इतकं मनापासून बोलाल असं कुठं वाटलं होतं?"

"मनापासून कुठलं? पाठ केलं होतं!"

दुसऱ्या दिवशी काकांनी बाईंना समोर बसवलं. "पोरी, काल काय बोललीस ते आता मराठीत सांग."

बाई स्टुलाच्या कडेला टेकल्या. "म्हटलं... काका दयाळू आहेत."

"बरं. पुढं?"

"मन मोठं आहे. दोन्ही हातांनी देतात. आणि कुणाला कधी नाही म्हणत नाहीत."

काकांनी बंद कपाटाकडे पाहिलं.

"मी?"

"हो."

"घरी बायकोला कळलं तर हसून हसून पोट दुखेल तिचं." काकांनी मान हलवली. "पण पोरी, मोठ्या साहेबांपुढं बोललीस. म्हणजे नोंद झाली. नोंदीत माल आहे आणि फळीवर नाही, तर चोर कोण? भांडारवाला. माझ्या उभ्या नोकरीत कधी तूट निघाली नाही. ही पण निघू द्यायची नाही मला."

तेवढ्यात टायपिस्ट नखाएवढा तुकडा घेऊन दारात आला. काकांनी कपाट उघडलं आणि कोरी पेन्सिल त्याच्या हातावर ठेवली.

"तुकडा बघत नाही काका?"

"राहू दे तो पण तुलाच."

टायपिस्टनं आधी पेन्सिलीकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका, रात्री झोप लागली होती ना?"

बातमी शिवणखात्यात पोचायला वेळ लागला नाही. आधी दोघीजणी नुसत्या बघायला आल्या आणि सुयांची पाकिटं घेऊन गेल्या. मग साबण गेले, हातमोजे गेले, दिवे, झाडू, बादल्या गेल्या. काका प्रत्येक वस्तू देताना डोळे मिटायचे, दाढ काढून घेताना मिटावेत तसे. पण द्यायचे. वॉचमनला छत्री मिळाली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी तो दिवसभर ती उघडून फाटकावर उभा राहिला. गाड्यांना सलामसुद्धा त्यानं छत्रीखालूनच ठोकला.

बाई मात्र रिकाम्या होत चाललेल्या फळ्या मोजत होत्या. "काका, उद्या मी ताब्यात काय घ्यायचं? कोळ्याची जाळी मोजून घेऊ?"

"तूच म्हणालीस ना, मी कुणाला नाही म्हणत नाही."

त्याहून वाईट म्हणजे आता अख्खा कारखाना काकांचं कौतुक करू लागला होता, आणि तेही चक्क मराठीत. काकांना ठेवून घ्या, असं सांगायला शिवणखात्याच्या बायका मॅनेजरसाहेबांकडे जाऊन आल्या. सगळ्यांत पुढे वॉचमन.

बाईंनी त्याला फाटकावर गाठलं. "अरे, किल्ली मिळाल्यावर मी तुलाच पहिली छत्री देणार होते!"

"तुम्ही देणार होता बाई," वॉचमन छत्री फिरवत म्हणाला. "त्यांनी दिली."

शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः भांडारात आले. मागे सगळे गोळा झाले. बाई रिकाम्या फळ्यांना पाठ लावून उभ्या होत्या.

"काय ठरलं काका? थांबताय ना?"

"थांबायची फार इच्छा होती साहेब," काका म्हणाले. "पण सोमवारी नवा माल येईल. फळ्या भरलेल्या दिसल्या की माझ्या तोंडून पुन्हा 'नाही' निघेल. माझा मला भरवसा नाही. आत्ता पोरीचं बोलणं आणि माझं वागणं जुळलंय. जुळलंय तोवर जाऊ द्या."

त्यांनी गळ्यातली सुतळी काढली आणि किल्ली बाईंपुढे धरली. दोन्ही हातांनी.

बाईंचे डोळे भरून आले. "काका, तुमचं मन फार मोठं आहे," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, आणि जीभ कुठं अडखळली नाही. काकांनी लगबगीनं डबा उचलला आणि निघाले. वॉचमननं त्यांना गाडीपर्यंत छत्रीतून नेलं.

सोमवारी नवा माल आला. बाईंनी एकेक वस्तू स्वतःच्या हातानं मांडली. सुयांची पाकिटं सरळ ओळीत, साबण कागदावर, पेन्सिली टोकं एका बाजूला करून. कपाट लखलखत होतं. बाईंनी ते मायेनं बंद केलं, किल्ली फिरवली आणि सुतळी गळ्यात घातली.

टायपिस्ट दारात आला. "बाई, अभिनंदन! एक पेन्सिल द्या."

बाईंचा हात किल्लीकडे गेला आणि मूठ तिथंच आवळली गेली.

"जुनी कुठाय?"

शब्द तोंडातून निघून गेले होते. बाईंनी ओठांवर हात ठेवला. टायपिस्ट हसला नाही. त्यानं खिशातून घडी केलेला भाषणाचा कागद काढला, नीट सरळ केला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"फाडून टाकणार होतो," तो म्हणाला. "असू दे. तुमच्या वेळेला होईल."