रुसलेल्या मामांचा फेटा

आशाच्या धाकट्या बहिणीचं, वेदिकाचं, लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. कार्यालय नाशिकचं, वऱ्हाड सटाण्याचं. आशा करवली होती, पण हर्षल झाल्यापासून एकाही लग्नाच्या मंगलाष्टका तिने पुऱ्या ऐकल्या नव्हत्या. पोराला स्वमग्नता. बँड वाजला की तो कान झाकून जमिनीवर पडायचा, मग ती त्याला घेऊन घरी. या खेपेला संजना आणि रोहित त्याला सांभाळायला आले होते. कॉलेजची ही स्वयंसेवक मुलं दर रविवारी हर्षलसोबत वेळ घालवायला घरी यायची.

"ताई, आज तुम्ही फक्त मिरवा," संजना म्हणाली.

बँड सुरू होताच दोघांनी हर्षलला कार्यालयातल्या एकुलत्या शांत खोलीत नेलं. तिथे नवरदेवाचे मामा, झुंबरतात्या, रुसून बसले होते. मामाच्या आधी फोटोवाल्याला फेटा बांधला होता.

तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी मांडवात येणार नाय."

"चालेल," संजना म्हणाली.

"जेवणार बी नाय."

"हरकत नाही. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. आम्ही बसलोय."

मुलांना स्वयंसेवकांच्या शिबिरात तसंच शिकवलं होतं. ओढाओढ नाही, बळजबरी नाही, नुसतं शेजारी बसायचं. तात्यांची हयात लग्नांत रुसण्यात गेली होती, पण अशी माणसं त्यांना भेटली नव्हती.

"अरे, निदान एकदा चला तरी म्हणा," ते शेवटी म्हणाले. "लोकं पाया पडत्यात माझ्या."

"घाई नाही, तात्या," रोहित म्हणाला.

बाहेर गुरुजी मामांसाठी अडले होते. हर्षल मामांच्याच खोलीत आहे असं कुणीतरी कुजबुजलं, तशी आशा हातातल्या कऱ्यासकट धावली. आज पण गेलं लग्न, एवढंच तिच्या मनात.

आत तात्या कंटाळून आपणहून उठले होते, पण हर्षलने फेट्याचा शेमला मुठीत धरून गालावर घासायला घेतला होता.

"सोड ना रे राजा. ऐक ना माझं," तात्या विनवत होते.

"तात्या, आग्रह नको. त्याला वेळ लागतो," संजना म्हणाली.

"मी नेते त्याला घरी," आशा रडवेली झाली.

"तू करवली ना? मग घरी कुठं चालली? चल पुढं."

तात्यांनी फेटा उतरवून अख्खा हर्षलच्या मांडीवर ठेवला आणि उघड्या डोक्याने मांडवाकडे पळत सुटले. अजूनही त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं.

आशाने मंगलाष्टका पहिल्या अक्षरापासून शेवटच्या 'सावधान'पर्यंत ऐकल्या. त्यानंतर नात्यात दोन लग्नं झाली. दोन्हींत तात्या रुसले, हर्षलला शेजारी बसवून.

झुंबरतात्या दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत सटाण्याला वारले.