खरा नमुना

"चॉकलेटं उंदरांनी खाल्ली, मॅडम," फ्लोरिन म्हणाली.

जीएसटीच्या अधिकारी बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पालीतल्या तिच्या दुकानात गेली काही वर्षं चॉकलेटं जेवढी आली, तेवढी बिलात दिसत नव्हती, आणि दुकानातही नव्हती. ती बिलाशिवाय विकली असं ठरलं, तर कर, व्याज, वर दंड. तो भरायचा तर दुकानच विकावं लागणार होतं. नवरा ज्युलियस मार्चात वारला. त्याच्यामागे तिला एवढं दुकानच उरलं होतं.

तिचा कर सल्लागार कौस्तुभ सरसावून पुढे झाला. "मॅडम, दुकान म्हटलं की थोडी घट होतेच. आम्ही महिनाभर रोज माल मोजतो. तो नमुना धरून सगळ्या वर्षांची घट काढू. स्टॅटिस्टिक्स आहे हे!"

बाई कबूल झाल्या. फ्लोरिन तर निर्धास्त होती. उंदरांवर तिचा पुरा भरवसा होता. ज्युलियस रोज स्वतः पिंजरा लावायचा आणि सकाळी रिकामा पिंजरा दाखवून म्हणायचा, "लय चालू हाय गो, सापडत न्हाय."

महिना संपला. घट शून्य.

"उंदीर काय गावाला गेले?" बाईंनी विचारलं. कौस्तुभचं गणित त्याच्याच अंगाशी आलं होतं. घट नाही, म्हणजे माल बिलाशिवायच विकला असं ठरणार.

दुकानात येऊन फ्लोरिनने रागारागाने तो पिंजरा काढायला ज्युलियसची खुर्ची सरकवली. मागच्या जुन्या पिंपात चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या होड्याच होड्या होत्या. इवल्याइवल्या, शिडासकट. डॉक्टरांनी गोड बंद केलेला माणूस बायकोची पाठ वळली की बरणीत हात घालत होता, आणि वर बसून होड्या करत होता!

"मेल्या!" ती सवयीने ओरडली. तो शब्द कानावर पडला आणि ती तिथेच खाली बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिने पिंप बाईंच्या टेबलावर पालथं केलं. "तुमचा नमुना चुकला, मॅडम. खरा नमुना तर मार्चातच गेला."

कौस्तुभने होड्या मोजल्या. हिशेब जुळला.

"घरात खाल्लेल्या मालाचा कर तेवढा भरा," बाई म्हणाल्या. "दंड नाही. पण या होड्या आता पुरावा म्हणून फायलीत राहतील."

"एक नेऊ काय?"

"मग पुराव्यात एक कमी भरेल."

रिकामं पिंप उचलून फ्लोरिन निघाली, तेव्हा बाईंनी हाक मारली. चष्मा काढून त्या उगाचच पुसत होत्या. सगळ्यांत लहान होडी त्यांनी पुढे सरकवली.

"न्या," त्या म्हणाल्या. "थोडी घट होतेच."