फोन कंडम व्हायचा नाही

फोन कढीत पडला, तो खरोखरच अपघात होता. बादलीत पडला, तो नव्हता.

कढीचं मंगळवारी झालं. शांताबाई फोडणी देत होत्या आणि फोन नेहमीसारखा मिठाच्या बरणीवर बसला होता. मुठीएवढा, ठेंगणा, चारही कोपऱ्यांना जाड रबर, पाठीवर एक लाल बटण. कोपर लागलं आणि तो उकळत्या कढीत डुबुककन गेला. शांताबाईंच्या तोंडून 'अव माय' निघालं, पण मनात मात्र काहीतरी उजाडलं. गॅस बंद करायला त्यांनी जरा वेळच लावला. चिमट्याने बाहेर काढला तेव्हा फोन पिवळाधम्मक झाला होता, अंगावर कढीपत्त्याचं पान होतं, आणि तो वाजत होता.

"कोणाचा वो?" बाहेरच्या खोलीतून गुलाबरावांनी विचारलं.

"कंपनीचा. रिचार्ज संपून राहिला म्हणते," शांताबाई म्हणाल्या आणि पाटावर बसून रडल्या.

गुलाबराव छत्तीस वर्षं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. तिथे एक नियम होता: जुनी वस्तू कंडम ठरल्याशिवाय नवी इश्यू होत नाही. रिटायर होताना बाकी सगळं त्यांनी कारखान्यात सोडलं आणि हा नियम तेवढा घरी आणला. दर पहिल्या तारखेला तपासणी. झाडू, मिक्सर, शांताबाईंचा चष्मा, एकेकापुढे रजिस्टरात शेरा पडायचा, 'फिट' नाहीतर 'कंडम'. मिक्सर सतरा वर्षांनी कंडम झाला, त्या दिवशी शांताबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. चष्म्यातून अर्धं जग धुक्यात दिसायचं, पण दांड्या शाबूत होत्या, म्हणून चष्मा फिट.

फोनच्या तपासण्या तीन. घंटी वाजते का, बत्ती लागते का, लाल बटण चालते का. आठ वर्षांपूर्वी सदर बाजारातल्या दुकानदाराने हा फोन फरशीवर आपटला होता, वर स्वतःची मोटरसायकल चढवून दाखवली होती, आणि गुलाबराव जागच्या जागी त्याच्या प्रेमात पडले होते. शांताबाईंना बघायला आले तेव्हासुद्धा त्यांनी एवढं बारकाईने पाहिलं नव्हतं. एकदा चार्ज केला की आठ दिवस चालायचा. रेडिओ लागायचा. पलीकडचं माणूस बोललं तर गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. सगळं होतं त्यात. फक्त राधिका दिसत नव्हती.

राधिका म्हणजे बंगलोरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाची, लोकेशची मुलगी, शांताबाईंची एकुलती नात, अकरा महिन्यांची. आधी शेजारची रीना आपल्या फोनवर तिचं तोंड दाखवायची. दीड महिन्यापूर्वी रीना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबांध्याला राहायला गेली, आणि नेमकी त्याच दीड महिन्यात राधिका चालायला लागली. लोकेशने कुरिअरने टच फोन पाठवला. गुलाबरावांनी तो पाकीट न फोडता परत केला.

"पापा, आप समझते क्यों नहीं?" लोकेश कळवळला.

"समजते न बाप्पा. पण हा चालू हाय. चालू असताना दुसरा घेणं म्हणजे..." गुलाबराव अडले. अशा गोष्टीला कारखान्यात शब्दच नव्हता.

"मले पोट्टीचे पाय पाह्यचे हायेत," शांताबाई म्हणाल्या.

"आयकू येतात न तुले! कानाले लाव, कसे धपधप वाजतात."

आणि मंगळवारी तो कढीतूनही वाचला, तेव्हा शांताबाईंची आशा संपली. हा फोन आपल्यालाही पुरून उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं, चष्मा असूनही.

दर रविवारी सकाळी गुलाबराव विहारात वंदनेला जात, आणि फोन घरी ठेवून जात. या रविवारी शांताबाई गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहिल्या. ते फाटकाबाहेर पडताच त्यांनी बादलीत साबणाचं पाणी केलं, फोन सोडला, अर्धा तास भिजवला. मग चादरीत गुंडाळून धुण्याच्या दगडावर ठेवला आणि लाकडी मोगरीने बडवायला घेतला. सातवा की आठवा घाव नेमका लाल बटणावर बसला.

लाल बटण संकटाचं. ते दाबलं गेलं की फोन एकदा भोंगा देतो, आणि मग गुपचूप साठवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन लावत सुटतो. लोकेशने उचलला नाही, रविवारी दहापर्यंत तो झोपतो. रीनाने उचलला नाही, ती स्कूटीवर होती. तिसरा नंबर बुद्धभूषणचा, गुलाबरावांच्या पुतण्याचा. आणि बुद्धभूषणचा फोन त्या घडीला विहाराच्या मोठ्या स्पीकरला जोडलेला होता, कारण वंदना त्याच्यावरूनच लागते. ध्यानाची दहा मिनिटं चालू होती. फोन वाजताच त्याने घाबरून बंद करायला बोट लावलं, आणि तो उचलला गेला.

पुढचं शांताबाईंना दुपारी विहारात हजर असलेल्या भीमाबाईंकडून कळलं, आणि भीमाबाई काही कमी करून सांगणाऱ्या नव्हेत.

"मर न रे!" विहारभर शांताबाईंचा आवाज घुमला. "तुले कढीत शिजवलं, बादलीत बुडवलं. तू काहून नाही मरत?"

साठ माणसांनी डोळे उघडून गुलाबरावांकडे पाहिलं. ते पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते, जिवंत.

"तुह्या घंटीत खोट नाही, बत्तीत खोट नाही," स्पीकर बोलत होता. "तू चांगला हायेस, हेच माहं दुःख. तुह्या पायी मले नातीचं तोंड दिसत नाही. आता चालते म्हणे. मले निस्ते पाय आयकू येतात. पाय का आयकाले असतात रे?" मग नाक ओढल्याचा आवाज. "आन् माह्या घरचा माणूस! तोही तुह्यासारखाच. कितीही आपटा, तसाच्या तसा."

एवढा वेळ बुद्धभूषणला फोन बंद करायचं सुचलं नाही. भीमाबाईंच्या मते, सुचलं होतं.

गुलाबराव घरी आले ते थेट फोनकडे गेले. फोन पुसला. घंटी वाजवून पाहिली. बत्ती लावून पाहिली.

"आन् बटण?" शांताबाईंनी चाचरत विचारलं.

"बटणाची तपासणी झाली. साठ साक्षीदार हायेत."

त्यांनी रजिस्टरात 'फिट' लिहिलं आणि चपला घालून बाहेर पडले. मागोमाग भीमाबाई आल्या आणि सगळं सांगून गेल्या. शांताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. नात दिसली नाही ती नाहीच, वर आता विहारातही तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

चार वाजता गुलाबराव परत आले. हातात टच फोनचा डबा. शांताबाईंनी डब्याकडे पाहिलं नाही, आधी रजिस्टर उघडलं. 'जुना फोन: फिट. नवा इश्यू. कारण:' आणि पुढचा रकाना कोरा. छत्तीस वर्षांत या माणसाने एकही रकाना कोरा सोडला नव्हता.

तेवढ्यात नवा फोन वाजला. दुकानदाराने सिम, नंबर, फोटो सगळं भरून दिलं होतं आणि लोकेशला कळवलंही होतं. काचेवर राधिकाचा फोटो, खाली फोन उचलायचा हिरवा गोळा. शांताबाईंनी अंगठा लावला. काही नाही. घासला. काही नाही.

"जोरात दाब न!"

"दाबूनच राहिली न!"

पन्नास वर्षं मिरच्या, भांडी, सोडा. रेशनच्या दुकानातलं यंत्रसुद्धा शांताबाईंचा अंगठा ओळखत नव्हतं. गुलाबरावांनी आपला लावला. त्यावर छत्तीस वर्षांची हातोडी होती. फोन वाजून वाजून गप्प झाला. दुसऱ्यांदा वाजला. चारही अंगठे लागले. पुन्हा गप्प.

"दुकानदारानं मोटरसायकल चढवून दाखवली काय याच्यावर?" शांताबाईंनी हताश होऊन विचारलं.

"नाही. फुंकर मारून पुसून दिला."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शांताबाईंनी हात मांडीवरच ठेवले. निदान फोटो तरी नीट पाहावा, म्हणून त्या वाकल्या. धूसर दिसलं म्हणून आणखी वाकल्या. आणि नाकाचं टोक हिरव्या गोळ्यावर टेकलं.

तिकडे बंगलोरला काच भरून एक नाकपुडी उगवली.

"मम्मीजी, थोड़ा दूर से!" सुनेचा, भावनाचा आवाज आला. मागून कोणीतरी खिदळलं. गुलाबरावांनी जुना फोन उभा करून त्याला नवा टेकवला. तो टेका जागचा हलला नाही. शांताबाई मागे सरकल्या. राधिकाने सोफा सोडला आणि ती त्या नाकाकडे चार पावलं टाकत आली.

फोन झाल्यावर गुलाबरावांनी रजिस्टर ओढलं. 'नवा फोन: फिट. अंगठे, चार नग: कंडम. नाक: फिट.' बोट सरकवत ते कोऱ्या रकान्यावर आले. मग त्यांनी लिहिलं: 'कारण: पाय, दोन नग.'

शांताबाईंनी डोळे पुसले. वेळ चांगली आहे असं पाहून हळूच म्हणाल्या, "आन् माहा चष्मा वो?"

"फिट," गुलाबराव म्हणाले. "चांगलं दिसलं असतं तं नाक कायले टेकवलं असतं तू?"