तात्यांचं ‘लाव’

नाटक सुरू व्हायला पाऊण तास होता. प्रेक्षक येऊन बसायला लागले होते आणि मंचावरचा पडदा हातभर उघडा राहिला होता. वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या कंट्रोलवाल्या मामांनी नव्या कॉम्प्युटरवरचं ‘पडदा लाव’ हे बटण दाबलं. पडदा एकदा थरथरला आणि दोन्ही बाजूंनी, अगदी डौलात, सताड उघडला.

आत दिग्दर्शक बनियनवर उभा होता. खलनायक आपल्या मोज्याचं भोक शिवत बसला होता. आणि मधोमध, केसांना रोलर लावलेली नायिका हातवारे करून दिग्दर्शकाला सांगत होती, “माझ्या नवऱ्यावर विसंबलात? अहो, त्याला साधं वाक्य पुरं करता येत नाही, तो तुमचं थिएटर काय चालवणार!”

तिचा माईक चालू होता. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मामांच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यापर्यंतही पोचला.

“अरे, पण हे असं कसं काय...” नवरा म्हणाला आणि तिथेच थांबला.

ऑफिसात त्याला अर्धविराम म्हणत, ते काही उगाच नाही. तो वाक्य सुरू करायचा, मध्येच त्याला दुसरं काहीतरी सुचायचं आणि पहिलं लोंबकळत राहायचं. कामाचंही तेच. नव्वद टक्के काम नजर लागावी असं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांच्या जागी ‘नंतर बघू’ अशी टीप. घरी बाथरूममधला टॉवेलचा हुक चार वर्षं एका स्क्रूवर तग धरून होता. आता बायकोला बारा वर्षांनी मुख्य भूमिका मिळाली होती आणि नेमकं याच थिएटरच्या नव्या यंत्रणेचं काम त्याच्याकडे आलं होतं. “तुझ्या प्रयोगाला काही कमी पडू देणार नाही,” असं त्याने तिला सांगितलं होतं. विशेष म्हणजे, हे वाक्य त्याने पूर्ण केलं होतं.

थिएटरमध्ये दोन जातींचा कोड, म्हणजे यंत्रांना दिलेल्या लेखी आज्ञा, एकत्र नांदत होता. ऑफिसात त्यांना मोकाट आणि पाळीव म्हणत. मोकाट कोड ऑफिसातल्या जुन्याजाणत्या तात्यांचा, बावीस वर्षांपूर्वीचा. तो थेट मोटरींशी बोलायचा, दारं आणि पडदा हलवायचा, आणि त्याने केलेला पसारा आपला आपण आवरावा लागायचा. तात्या निवृत्त झाले तरी त्या कोडला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पाळीव कोड अर्धविरामाचा. त्याच्याकडे दिवे, पंखे आणि माईक होते, आणि त्याच्यामागे सांडलंलवंडलं पुसायला एक यंत्रणा कायम उभी असायची.

घोळ झाला तो नावाचा. तात्यांनी प्रत्येक आज्ञेला घरगुती मराठी नाव दिलं होतं, कारण कोड आपल्या बायकोलासुद्धा वाचता आला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. अर्धविरामाने कौतुकाने तीच रीत उचलली. दोन्ही कोड जोडले तेव्हा दोघांकडेही ‘लाव’ नावाची आज्ञा निघाली. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, अडून बसला. ‘लाव’ दोन आहेत, कोणतं घेऊ? हाच प्रश्न त्याने दोनशे सात ठिकाणी विचारला. वैतागून अर्धविरामाने सगळ्यांच्या वर एकच ओळ टाकली: दर वेळी माझंच घे. लाव म्हणजे लाव, त्यात काय एवढं?

“साहेब, निदान दारं तरी लावून घेतो,” मामा म्हणाले. “बाहेरचे लोक डोकावून बघायला लागलेत.”

त्यांनी ‘दारं लाव’ दाबलं. प्रेक्षागृहाची आठही दारं खाडकन उघडली. मेकअप रूमची उघडली. तात्यांनी त्या काळी हौसेने स्वच्छतागृहांची दारंही जोडून ठेवली होती, तीही उघडली. आतून एक भारदस्त आवाज आला, “अरे, कोण आहे रे तिकडे?” तो आवाज प्रमुख पाहुण्यांचा होता, हे सगळ्यांनाच लगेच कळलं, कारण सगळ्यांना ते दिसले.

अर्धविरामाने घाईघाईने वरची ओळ बदलली: दर वेळी तात्यांचंच घे.

“दाबा मामा!”

‘पडदा लाव.’ पडदा मिटला. ‘दारं लाव.’ सगळी दारं गुमान मिटली.

“जमलं की हो!” मामा खूश झाले आणि त्याच जोशात त्यांनी ‘दिवे लाव’, ‘पंखे लाव’, ‘माईक लाव’ ही तिन्ही बटणं धडाधड दाबली.

सगळीकडे गुडुप अंधार झाला. पंखे घरघरत थांबले. पडद्यामागून “हा माणूस ना, एक दिवस मला...” एवढं ऐकू आलं आणि माईकही गेला. अर्धे प्रेक्षक आत कोंडले गेले, अर्धे बाहेरून दारं बडवायला लागले. प्रमुख पाहुणे कुठे कोंडले गेले असतील, याचा विचार करायची मामांची हिंमत होईना.

अर्धविरामाने अंधारातच फोन लावला.

“तात्या, ‘लाव’ने घात केला. तुमचं घेतलं की दिवे जातात, माझं घेतलं की दारं...”

“वाक्य पुरं कर.”

“दारं उघडतात!”

“अरे, असं कसं होईल? लाव म्हणजे बंद कर. दार लाव. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

“तात्या, दिवा लाव म्हणजे?”

पलीकडे तात्यांनी ‘दार लाव, दिवा लाव’ असं दोनदा पुटपुटून पाहिलं.

“अगं बाई!” तात्या म्हणाले. त्यांना एवढा धक्का बसला होता की तोंडातून बायकोचे शब्द आले. “दार लाव म्हणजे बंद, दिवा लाव म्हणजे चालू! सत्तर वर्षं बोलतोय रे मी हे. एकदाही लक्षात आलं नाही.”

“आता काय करू?”

“एका नावाची दोन माणसं एका गल्लीत असली, तर काय करतोस? आडनाव लाव.”

“म्हणजे बंद करू की चालू?”

“जोड, गाढवा! आडनाव जोड! तात्यांचं लाव, तुझं लाव. जिथे जिथे हाक मारशील तिथे पूर्ण नावाने मार.”

मामांनी बॅटरी धरली आणि अर्धविराम आडनावं लावत सुटला. दोनशे सातपैकी दोनशे सहा ठिकाणी लावून झाली. उरली होती पडद्याची एक ओळ, आणि खालून दिग्दर्शक ओरडत होता, “दोन मिनिटांत दिवे आले नाहीत तर प्रयोग रद्द!” पडदा तर आत्ता बंदच आहे, उघडायची आज्ञा वेगळी आहे. त्याने ती ओळ झाकून टाकली, म्हणजे यंत्राने ती वाचूच नये असं केलं, आणि सवयीने बाजूला लिहिलं: नंतर बघू.

दिवे आले. पंखे फिरले. दारं मामांच्या बोटाच्या इशाऱ्यावर शहाण्या मुलांसारखी वागायला लागली. पडदा उघडला आणि बायको अशी काही उभी राहिली, की अर्धविराम आ वासून बघत राहिला. बारा वर्षं आपण रोज हिच्याशी अर्धं बोलतोय याची त्याला त्या काचेमागे मनापासून लाज वाटली.

शेवटचा प्रवेश आला. घर सोडून गेलेल्या नवऱ्याची आयुष्यभर वाट पाहणारी बाई रिकाम्या खोलीत एकटी. “येतो म्हणाला होता,” ती म्हणाली. “आता नाही येणार तो.” थिएटरभर हुंदके ऐकू येत होते. मामांनी डोळे पुसत ‘पडदा लाव’ दाबलं.

पडदा हलला नाही. मामांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. खाली बायको तशीच शून्यात बघत बसून होती. एक मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं.

‘नंतर बघू’ म्हणजे ही वेळ, हे अर्धविरामाला कळलं तेव्हा तो निम्मा जिना उतरलाही होता. पडदा हाताने ओढायची बाजूची दोरी सापडली, पण ती नव्या यंत्रणेत कापून टाकली होती. त्यानेच कापायला सांगितली होती. मग तो धापा टाकत, विस्कटलेल्या केसांनी, सरळ मंचावर शिरला.

प्रेक्षक थक्क झाले. बायको तर खुर्चीतून अर्धी उठलीच. पण ती नटी होती.

“आलास?” तिने कापऱ्या आवाजात विचारलं.

सातशे लोक श्वास रोखून बघत होते. अर्धविरामाने तोंड उघडलं.

“आलो,” तो म्हणाला. “उशीर झाला, चूक माझी आहे, पण आज अर्धवट टाकून जाणार नाही.”

आणि त्याने पडद्याचं एक टोक धरून ते ओढत मधोमध आणलं, मग पलीकडे पळत जाऊन दुसरं आणलं, आणि दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरून आतल्या बाजूला उभा राहिला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट थांबेना. विंगेत दिग्दर्शक कपाळावर हात मारत होता, “माझी शोकांतिका! सुखान्त करून टाकली या माणसाने!”

बायको जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घरचाच होता.

“घरी गेल्यावर तो बाथरूममधला हुक लाव.”

“लाव म्हणजे नक्की कोणतं...” त्याने सुरुवात केली. तिने नुसतं बघितलं.

“लावतो,” तो म्हणाला.