नळीतलं तेल

वैजनाथ लोमटे यांनी चहा सोडला. एवढंच. एवढ्याशा गोष्टीने घरात महाभारत घडेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण लग्न झाल्यापासून ते फक्त स्वतःचंच ऐकत आले होते.

चहा सोडायला लावला शेफाली मॅडमनी. नारायण पेठेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर या मॅडम एअर रायफल शिकवायच्या. वय लोमट्यांच्या मुलीएवढं, बोलणं त्यांच्या सासूसारखं. पहिल्याच दिवशी लोमटे सांगू लागले, की आम्ही अंबाजोगाईला कॉलेजात असताना एनसीसीत जी बंदूक चालवायचो, तिच्यापुढे हे म्हणजे...

"काका, इथे तोंडाने नेम धरत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हात पुढे करा."

हात पुढे केले. बोटं पिंपळपानासारखी हलत होती.

"दिवसातून किती चहा होतात?"

लोमट्यांनी खरा आकडा निम्म्यावर आणून सांगितला. तो ऐकूनही मॅडमनी भुवया उंचावल्या आणि चहा बंद केला.

आता हा माणूस पन्नाशी उलटल्यावर, वाघोलीहून दोन बस बदलून, नारायण पेठेत छर्रे उडवायला का जात होता, हे सांगायला हवं. लोमटे एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. पण आपण नटबोल्टांसाठी जन्मलो नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. कॉलेजात त्यांचा नेम असा होता म्हणे, की दिल्लीच्या शिबिरासाठी त्यांची निवड झाली होती. नेमकी त्याच आठवड्यात लग्नाची तारीख निघाली. दिल्ली राहिली, सत्यशीला घरात आली. तेव्हापासून या घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी गाडी दिल्लीला जायची. पोळी करपली, दिल्ली. नळाचं पाणी गेलं, दिल्ली. मुलगी नम्रता बारावीला नापास झाली, तेव्हा तर लोमटे आठवडाभर दिल्लीतच मुक्कामाला होते.

सत्यशीलाबाई सगळं ऐकून घेत. पण यंदा गणपतीत त्यांच्या भावासमोर, मोदक फुटल्याच्या निमित्ताने, लोमटे पुन्हा दिल्लीला निघाले आणि बाईंचा बांध फुटला.

"एकदाचं मारून दाखवा," त्या म्हणाल्या. "नेम लागला तर मी चारचौघांत कबूल करीन, माझ्यापायी तुमचा जन्म वाया गेला. नाही लागला, तर या घरात दिल्लीचं नाव काढायचं नाही. मरेपर्यंत."

भावासमोर बोलल्या, म्हणजे मागे घेता येईना. लोमट्यांनी जुनी रायफल मिळवली, शेफाली मॅडम शोधल्या आणि पन्नाशीपुढच्यांच्या गटात निवड स्पर्धेला नाव दिलं. स्पर्धा दसऱ्याच्या सकाळी होती. (त्या दिवशी हॉलला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.)

मग घराचा नेमबाजी वर्ग झाला. मॅडमनी शिकवलं होतं ते असं, की डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे रायफलचा भार हाडं घेतात, स्नायू थकत नाहीत. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि थांबायचं. ट्रिगर ओढायचा नाही, बोटाच्या पेराने हळूहळू दाबायचा. आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायचं, लगेच कुठे लागला ते बघायला मान उचलायची नाही. यातलं शेवटचं लोमट्यांना कधीच जमलं नाही. काम व्हायच्या आत कौतुक बघायची त्यांची सवय जुनी होती.

सरावाला छर्रा न घालता नुसतं धरून उभं राहायचं. त्यासाठी त्यांनी फ्रिजवर काळी टिकली चिकटवली. (टिकली सत्यशीलाबाईंची. विचारलं नव्हतं.) लोमटे हॉलच्या टोकाला उभे राहिले की पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर बंद. शिट्टीने म्हणे काळजाचा ठोका चुकतो आणि काळजाचा ठोका चुकला की नळी हलते.

"मग वरण कशात शिजवू?"

"अर्धा श्वास सोडलाय. बोलू नकोस."

"उरलेला अर्धा सोडा आणि सांगा."

रायफल खाली आली. "बघितलंस? हलली. हे असंच होत आलंय माझं. मी स्थिर व्हायला लागलो, की तू येतेस."

सत्यशीलाबाई फ्रिज उघडायला निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. दूध ओट्यावरच राहिलं आणि नासलं. त्याबद्दलही संध्याकाळी त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं. चहा सुटल्यामुळे लोमट्यांचं डोकं दुखायचं, डोकं दुखलं की जीभ सुटायची, आणि या घरात जिभेच्या नेमाला सरावाची गरज कधीच पडली नव्हती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात मशिनींची पूजा असते, सगळ्या मशिनी पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतात. लोमटे सकाळी तिकडे निघाले. चप्पल घालताना म्हणाले, "माझ्या रायफलचीही पूजा कर. शस्त्र आहे ते. मशिनीची करतात तशी कर, तेलपाणी करून. उद्याचा दिवस मोठा आहे."

"नीट सांगा, काय काय करायचं?"

"एवढंही कळत नाही का तुला?" म्हणून ते जिना उतरून गेले.

बाईंनी देवापुढे पाट मांडला, त्यावर रायफल ठेवली, दस्त्याला हळदकुंकू लावलं, माळ घातली आणि हात जोडले. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि लोमट्यांनी विचारलंही नाही.

दसऱ्याला लोमटे बायकोला बरोबर घेऊन गेले. डोळ्यांनी बघू दे, म्हणाले. बाई जांभळी काठपदराची साडी नेसून, मंडईतून घेतलेली आपट्याची पानं पिशवीत घेऊन, मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. रांगेत उभे असलेले बाकीचे लोक, बहुतेक निवृत्त, आपापलं काम मुकाट्याने करत होते. लोमट्यांनी पहिला छर्रा सोडला आणि मान उचलली.

छर्रा काळ्या गोलाच्या बाहेर होता. दुसरा त्याहून बाहेर. तिसरा कागदावर कुठे सापडेना. लोमट्यांना घाम फुटला. मागे बायको आहे, तिच्यामागे तिचा भाऊ आहे (तो सासवडला होता, पण लोमट्यांना तो मानेवर बसल्यासारखा वाटत होता), आणि पुढे उरलेलं सगळं आयुष्य दिल्लीशिवाय काढायचं आहे. हाडांनी घ्यायचा भार स्नायूंनी घेतला आणि कोपर कमरेवरून निसटलं.

तेवढ्यात त्यांना दस्त्यावरचं कुंकू दिसलं. त्यांनी रायफल खाली ठेवली आणि वळून, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं,

"तू काल नळीत तेल घातलंस का?"

सगळे थांबले. सत्यशीलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"घातलं," त्या म्हणाल्या.

"घातलं," लोमट्यांनी हॉलला सांगितलं. "मॅडम, नळीत तेल आहे. पूजा केली बाईंनी. आता छर्रा सरळ जाईल कसा?"

दोघं-तिघं हसले. एका आजोबांनी बाईंकडे बघून च्च केलं. बाई पिशवीतली पानं नीट करू लागल्या.

शेफाली मॅडम आल्या. "तेल असलं तर तीन-चार छर्ऱ्यांत निघून जातं, काका. तरी शंका नको. ही क्लबची रायफल घ्या, कोरडी ठाक आहे. परीक्षकांना विचारून मी तुम्हाला पहिल्यापासून संधी देते." आणि त्यांनी खरंच एक चकचकीत रायफल लोमट्यांपुढे ठेवली.

लोमट्यांनी ती हातात घेतली नाही. या रायफलला हळद नव्हती, कुंकू नव्हतं, बायको नव्हती. हिच्यातून जो छर्रा जाईल तो नुसता त्यांचाच असेल.

"नको," ते म्हणाले. "हात बसलेला नाही हिच्यावर. आणि आता मनही थाऱ्यावर नाही. राहू द्या."

"बघा बुवा. नेम चुकवायला एवढी तयारी करून आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या स्पर्धकाकडे गेल्या. लोमट्यांना त्यांचा राग आला नाही. फार दिवसांनी त्यांचे हात अगदी स्थिर झाले होते.

वाघोलीला परतेपर्यंत त्यांनी गोष्ट घोटून तयार केली. संध्याकाळी सोनं द्यायला दारोदार गेले, तेव्हा प्रत्येक मजल्यावर ती सांगितली. आपट्याचं पान द्यायचं आणि मागोमाग तेल. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, अगंबाई, सत्यशीला, नेमकं तूच असं केलंस? बाईंनी मान हलवली, सोन्यासारखं राहा म्हणाल्या आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. चार मजले असेच झाले.

घरी येऊन लोमटे पाय पसरून बसले. "तर नेम चुकला तो माझ्यामुळे नाही. म्हणजे पैज तू हरलीस. भावाला फोन करून सांगशील ना?"

बाई देवापुढची सुकलेली माळ उचलत होत्या. "तेल मी घातलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुठं घालायचं ते तुम्ही सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं, म्हणून नाही घातलं. नुसतं हळदकुंकू वाहिलं."

लोमट्यांना वाटलं, चेष्टा आहे. मग त्यांनी बायकोचा चेहरा बघितला.

"मग तिथं सगळ्यांसमोर घातलं कशाला म्हणालीस?"

"तुम्ही इतक्या आशेनं विचारलंत. नाही म्हणवेना."

लोमटे जुन्या वाटेने गेले. "तुला काय कळणार. दिल्लीला गेलो असतो तर..."

"दिल्लीला तुम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या आईनं हळदीच्या दिवशीच सांगितलं होतं मला. यादीत नाव नाही म्हणून पोरगं दोन दिवस जेवलं नाही, लग्न मोडून पळंल म्हणून घाई करायलोत, असं म्हणाल्या. तेव्हापासून ऐकून घेतेय. कुणावर तरी ढकलल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही, म्हणून."

लोमटे खाली बघत बसले. बाईंच्या आवाजात राग असता तर त्यांना भांडता आलं असतं. पण त्यात नुसता थकवा होता, आणि थकव्याशी कसं भांडायचं ते त्यांना येत नव्हतं.

"हे खाली कुणाला सांगणार आहेस का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे तेलच होतं, असं राहू द्यायचं?"

"राहू द्या."

लोमट्यांनी सुटकेचा श्वास टाकला, या वेळी पूर्ण. मग थोडा विचार केला आणि बायकोच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाले,

"पुढच्या वर्षी मात्र जरासं खरंच घाल."